आधी पुसायचं, मग रंगवायचं

१४ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीची बदली झाल्याचं कळलं. नवं घर लागलं का? इकडे सगळे ठीक आहेत. निदान तसं लिहायची पद्धत आहे.

तुझा नकार वाचला. लोकांच्या प्रोग्रॅमना खिडक्या-बटणं पुरवणारं आपलं टूलकिट, त्यात पारदर्शक खिडक्या घालायचं माझं काम तू एका दमात उडवून लावलंस. 'हे शोभेचं काम. जुने कॉम्प्युटर रडतील. घालणारच असशील तर त्यातून माझं नाव काढून टाक.' कॉलेजात असताना यातलं पहिलं बटण तू काढलंस, म्हणून शेवटचा शब्दही तुझाच, हे मी इतकी वर्षं मुकाट्याने मानलं. आता मानत नाही.

जुन्या कॉम्प्युटरचं रडगाणं आधी मिटवते. ज्याला आरपार दाखवणं झेपत नाही, तिथे खिडकी आपोआप पूर्वीसारखी भरीव होते. माळ्यावरच्या तुझ्या खटाऱ्यावर चालवून पाहिलंय.

माझी चूकही सांगते, नाहीतर म्हणशील लपवली. आपलं टूलकिट खिडकी नव्याने रंगवताना जुनं पुसतच नाही, कारण भरीव रंगाखाली ते झाकलं जातं. मी अर्धवट रंग दिला आणि तो दर वेळी आधीच्यावर चढत गेला. कर्सर लुकलुकला की खिडकी पुन्हा रंगणार, आणखी गडद. चहा घेऊन येईपर्यंत नुसतं डांबर! खूप डोकं फोडल्यावर उमगलं, आधी पुसायचं, मग रंगवायचं. तुला आणि बाबांना हे कधीच जमलं नाही. तू घर सोडलंस त्या दिवसाच्या भांडणावर दोघेही थर चढवत बसलात.

आता शोभेचं. बाबांना दिसेनासं होतंय, दादा. तुला कळवायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली होती, ती आज मोडली. वाचायला ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर फिरणारं, आपल्याच टूलकिटवर बनवलेलं भिंग वापरतात. अक्षर मोठं व्हायचं, पण भिंगाची खिडकी खालचं पान झाकायची. ओळ चुकायची, मग ते चिडून सगळं बंद करायचे. कुणाला वाचून दाखव म्हणणं त्यांच्या रक्तात नाही. तुझ्याही नाही.

परवा त्यांना नवं भिंग लावून दिलं. आता खालचं पान फिकट दिसत राहतं, ओळ हातची सुटत नाही. त्यांनी पहिल्यांदा काय उघडलं असेल? टूलकिट कुणी बनवलं ते सांगणारी चौकट. भिंग सरकवत सरकवत तुझ्या नावावर आले आणि तिथेच थांबले. मग म्हणाले, "अजून आहे का हा इथे?"

मी हो म्हणाले.

तेव्हा नीट ऐक. नवी आवृत्ती बाहेर काढायची दुसरी किल्ली जाताना तूच माझ्याकडे दिलीस, अडीअडचणीला म्हणून. शुक्रवारी ती वापरणार आहे. पारदर्शक खिडक्या त्यात असतील आणि तुझं नावही असेल, आत्ता आहे तिथेच, सगळ्यात वर. राग आला तर घरी ये. बाबांच्या शेजारी बस आणि त्यांच्या भिंगाखाली ते नाव स्वतःच्या हाताने पुसून दाखव.

तुझं यापुढे न ऐकणारी,
धाकटी