सर, सेंटरला कोणाला उभं करू?

सर, तुमच्या डस्टरचा आवाज मला अजून येतो. टेबलाच्या कडेवर एक हलका, दोन जड. एक हलका, दोन जड. लगागा, लगागा. भुजंगप्रयात शिकवताना तुम्ही कवितेचा एक शब्दही आधी सांगायचा नाहीत. पाचेक मिनिटं नुसता डस्टर वाजवायचात. खडूची धूळ उडायची, पुढच्या बाकावरची मुलं खोकायची आणि तुम्ही म्हणायचात, "आधी कानात भरू दे रे, अर्थ मागून येतो चालत." संध्याकाळी मैदानावर बॅट हातात घेतलीत की पुन्हा तेच. "बॉल बघायच्या आधी ऐका. ठक्क वाजलं तर मागे पळा, थप्प वाजलं तर पुढे." मराठीचा मास्तर बेसबॉल शिकवतो म्हणून गाव हसायचं. जिल्ह्याहून ती खेळाची पेटी आली, एक बॅट, चार ग्लव्ह आणि उसवलेले सहा बॉल, तेव्हा खेळाच्या सरांनी हात झटकले होते, हे गावाला कुठे ठाऊक होतं? बॉल उसवला की तुम्ही स्वतः चांभाराकडे न्यायचात आणि तो बिचारा दर वेळी विचारायचा, "गुरुजी, ही कसली वहाण?"

आता मी एकाहत्तर वर्षांचा आहे. शारजात, अल मजाजला, मुलाच्या घरी राहतो. चौदाव्या मजल्यावरून खालचं खाडीचं पाणी दिसतं, संध्याकाळी त्यावर दिवे हलतात. मी तासन्‌तास बघत बसतो आणि सूनबाई म्हणते, "बाबा, चहा गार झाला." तुम्ही असतात तर म्हणाला असतात, हा पोरगा अजून वर्गाच्या खिडकीतच बसलाय. पण रविवारी मात्र मी खिडकीत नसतो. इथल्या आपल्या लोकांनी बेसबॉलचा एक संघ काढलाय. बँकेतले, आयटीतले, एक फिलिपिनो नर्स, दोन श्रीलंकन भाऊ. दुबईत ऊद मेथाला एका शाळेचं मैदान भाड्यानं घेतात. मला सगळे काका म्हणतात, आणि कोण कुठे उभा राहणार हे ठरवायचं काम माझ्या गळ्यात घातलंय. तुमच्या हाताखाली शिकलो एवढीच माझी पात्रता. उद्या या मोसमाची शेवटची मॅच आहे, आणि सर, मला सेंटर फील्डला माणूस ठरवता येत नाहीये.

आमचा सेंटरवाला, सहा वर्षं ती जागा सांभाळणारा, गेल्या महिन्यात कॅनडाला गेला. खलास. निरोपाला केक कापला आणि मैदानाच्या मधोमध भोक पडलं. तुम्हीच सांगायचात, मागे तीन जण उभे असतात, डावा, उजवा आणि मधला. पळायचं मधल्याने सगळ्यात जास्त, आणि दोघांच्या मध्ये बॉल आला तर हाक मधल्याची. त्याने "माझा!" म्हटलं की बाकीच्यांनी बाजूला व्हायचं, मग तो कोणी का असेना. "मधला म्हणजे ओळीतला यती, श्वासाची जागा," तुम्ही म्हणायचात. "तो चुकला की दोन्ही बाजू कोसळतात."

फिलिपिनो नर्सला मागे घ्यावं तर आत शॉर्टस्टॉपला, दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे, कोण? अंगणातलं तुळशीवृंदावन उचलून परसात ठेवल्यासारखं होईल. म्हणजे उरले दोन. एक माझा मुलगा. बेचाळीस वर्षांचा, बांधकाम कंपनीत इंजिनिअर, आठ वर्षं डाव्या बाजूला उभा. कधी तक्रार केली नाही. गुडघ्याला पट्टा बांधून खेळतो, डॉक्टरने सांगितलंय की हा मोसम शेवटचा. एकदा मधे उभं राहायचं ही त्याची इच्छा आहे. तो बोलत नाही, पण मी बाप आहे. नात मात्र बोलते. परवा जेवताना म्हणाली, "आजोबा, बाबा इज सो स्लो. ही रन्स लाइक अ फ्रिज!" सूनबाई हसली, मी हसलो, तोही हसला, आणि मग बराच वेळ वरणभात कालवत राहिला. उठताना म्हणाला, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा हं बाबा. मी काही मनात धरणार नाही." मनात न धरणारा माणूस असं कशाला सांगेल, सर?

दुसरा कोकणातला, गुहागरकडचा. सव्वीस वर्षांचा, स्कॅफोल्डिंगचं काम करतो. इमारतीला बाहेरून लोखंडी पाइपांची परांची बांधतात ना, त्यावर वीस-वीस मजले चढतो. कामगारांच्या कॅम्पात एका खोलीत आठ जण राहतात. शाळेत असताना तालुक्याला खेळलाय. आपल्या संघाबद्दल कुठूनसं कळलं आणि एका रविवारी दोन बस बदलून आला, कुंपणाबाहेर तासभर उभा. मीच आत बोलावला. आणि सर, पहिला उंच बॉल मारला तेव्हा हा पोरगा बॉल वर जायच्या आधीच वळून पळत सुटला. आवाजावर! त्याला कोणी शिकवलं नव्हतं. चाळीस पावलांवर मान वळवली, हात वर केला, आणि बॉल त्याच्या हातात घरी आल्यासारखा आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी गॉगल घातला. दोन महिन्यांनी त्याचा करार संपतो, मग तो गावी जाणार. उद्याच्या मॅचचं ते गार हिरवं मैदान, बघायला येणारे ते लोक, त्याला पुन्हा कुठे मिळणार?

मग अवघड काय, असं तुम्ही विचाराल. तीन आठवड्यांपूर्वी सरावात त्याला मधे उभं केलं, डावीकडे माझा मुलगा. मी दोघांच्या मध्ये बॉल मारला. तो पोरगा बॉलपाशी आरामात पोचला होता. आणि ऐन वेळेला थांबला, दोन पावलं मागे सरकला, म्हणाला, "घ्या साहेब, घ्या!" बॉल दोघांच्या मध्ये धप्पकन पडला.

"अरे, तुझा होता तो!" मुलगा ओरडला.

"तुमी आलावत ना साहेब."

सगळे हसले. श्रीलंकन भावांनी तर दिवसभर एकमेकांना पाण्याची बाटली देताना "घ्या साहेब, घ्या" लावलं. मी त्याला बाजूला घेतलं, म्हटलं, मैदानावर कोणी साहेब नसतो. "व्हय काका," म्हणाला. पुढच्या बॉलला पुन्हा तेच. मग खाली बसून घाम पुसत त्याने मला सांगितलं. वर काम करताना खालून इंजिनिअर जायला लागला की हात थांबवायचा. हातातला पाना, पाइप, काही असो, तसाच धरून उभं राहायचं, साहेब पुढे जाईपर्यंत. पाच वर्षांत अंगात भिनलंय. "काका, साहेब पळत येताना दिसले की हात आपोआप थांबतो बघा."

तेव्हापासून मला नीट झोप नाही, सर. कारण हे मी ओळखतो.

जिल्ह्याची ती फायनल तुम्हाला आठवत असेल. तुम्ही मला मधे उभं केलं होतंत आणि स्वतःच्या मुलाला डावीकडे. गाव म्हणालं, काय न्यायी माणूस आहे. शेवटच्या डावात बॉल आला, तो दोघांच्या मध्ये. मी त्याच्याखाली होतो. डोक्यात तुम्ही सकाळी वाचलेली एक ओळ घोळत होती हे खरं, पण मी बॉल ऐकला होता, बघितला होता, तो माझा होता. फक्त डावीकडून तुमचा मुलगा येताना दिसला. तुमचा मुलगा, ज्याच्या घरी मी रोज संध्याकाळी जेवत होतो. माझ्या तोंडून हाक निघाली नाही. बॉल पडला, आपण हरलो. तुम्ही सगळ्यांसमोर त्याला म्हणालात, "मधल्याची हाक ऐकायला कधी शिकणार तू?" मी दिलीच नव्हती, ती. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं. बस्स. संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघरात काकू भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी विचारलं, "कोणाचं चुकलं रे?" तुम्ही पाण्याचा तांब्या उचललात. मी पिठल्यात बोट फिरवत राहिलो. आणि तो म्हणाला, "माझंच." वर माझ्या ताटात अर्धी भाकरी वाढली. दुसऱ्या दिवशी त्याने ग्लव्ह पेटीत टाकला तो पुन्हा कधी काढला नाही. मी गल्फला निघालो तेव्हा तुम्ही तुमच्या अक्षरातली कवितांची वही मला दिलीत. तो दारात उभा होता. त्याला तुम्ही कधी वही दिली होतीत का, सर? मला ठाऊक नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

आणि आता एक विचारतो, रागावू नका. मला मधे उभं केलंत ते मी बरा होतो म्हणून, की सरांनी स्वतःच्या मुलाला पुढे केलं असं लोकांनी म्हणू नये म्हणून? हा प्रश्न मी पन्नासहून जास्त वर्षं दाबून ठेवला. आता मी तुमच्या खुर्चीत बसलोय आणि मला कळेना की न्याय करतोय की न्यायाचा देखावा. पोराला डावलून परक्याला उभं केलं तर सगळे म्हणतील, वा काका! ती 'वा' मला हवी आहे का? आणि पोराला उभं केलं तर कोणी काही म्हणणार नाही. दुपारी कप्तानाचा फोन आला. तो अबू धाबीला, अल रीम आयलंडवर राहतो, मोठा सीए आहे.

"काका, यल्ला, चला लवकर, लाइन-अप टाका ग्रुपवर. सेंटरला मुलालाच घ्या ना तुमच्या."

"तो गुहागरवाला जास्त पळतो रे."

"पळतो हो. पण ऐन वेळी ड्यूटी लागली तर? इन्शाल्लाच्या भरवशावर फायनल खेळायची का आपण? आणि तो परत साहेब-साहेब करत बसला तर बॉल कोण, मी पकडू?"

मला हसू आलं. त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत टाकतो. समोर कागद आहे. आठ नावं लिहून झाली, एक ओळ रिकामी. मुलगा हॉलमध्ये गुडघ्याला बर्फ लावून बसलाय, टीव्हीचा आवाज बारीक केलाय, माझ्या खोलीकडे कान ठेवून. सूनबाई दोनदा येऊन कागदावर नजर टाकून गेली.

सर, आता जे लिहितो ते कोणाला सांगितलेलं नाही, तुम्हालाही सांगायचं नव्हतं. गेल्या रविवारी शेवटचा सराव होता. मी ठरवलं होतं, दोघांना वीस-वीस बॉल मारायचे, सारखे, आणि मोजायचं. बॅट माझ्याच हातात होती. मुलाकडे मी उंच, गोल, पिकल्या फळासारखे बॉल मारले. आणि त्या पोराकडे मारले ते वाकडे, बुटके, उन्हाच्या आत जाणारे, पाठीमागे कुंपणापर्यंत पळवणारे. तिसऱ्या-चौथ्या बॉललाच मला कळलं मी काय करतोय. थांबलो नाही. मुलाने सतरा पकडले, त्याने अकरा. मी वहीत लिहिलं. सगळ्यांनी बघितलं. तो धापा टाकत आला, माझ्या पायाशी पडलेले बॉल गोळा करून पिशवीत भरले आणि बस पकडायला पळाला. आवाज ओळखायला तुम्ही शिकवलंत, सर, आणि मी तोच कान धरून कुठला बॉल कुठे जाईल हे मापून मारलं.

बेल वाजली. मगरिबची, दिवेलागणीची अजान नुकतीच झाली, या वेळी आमच्याकडे कोणी येत नाही. सूनबाईने दार उघडलंय. खालच्या वॉचमनचा आवाज, "मॅडम, ये आदमी बोलता है काका को मिलना है." मग दुसरा आवाज, संकोचलेला. "काका हायत काय घरात? नाय, आत नको, बूट सिमेंटचे हायत. साइटवरनं तसाच आलो." पेन हातातच आहे, उठवत नाही. मुलाने टीव्ही बंद केला. तो दाराशी गेला असावा, कारण तो पोरगा आता त्याच्याशी बोलतोय. "न्हाय साहेब, उद्याचं विचारायला न्हाय आलो. कोणी का उभं ऱ्हावेना. काकांचे आभार मानायचे व्हते. गेल्या टायमाला सगळे कठीण बॉल माझ्याकडंच मारले त्यांनी, मोजून वीस. एवढं खपून मला कुणी शिकवलं न्हाय, साहेब." आता मुलाची पावलं माझ्या खोलीकडे येतायत, एक हलकं, एक जड, गुडघ्याच्या पट्ट्यामुळे. त्याने आठ वर्षं माझ्या हातचे बॉल पकडलेत, सर. त्याला कळलंय.