लाकडी एल्कला घातलेली शीळ

वाखनिंगन,
शनिवार, २३ ऑगस्ट

प्रिय उल्हास,

चारपैकी चार! आधी एवढं लिहून टाकते, मग बाकीचं रामायण. चालत्या लक्ष्यावर, ऐंशी मीटरवरून, चारही गोळ्या जिथे लागायला हव्यात तिथे लागल्या. खेरितने सगळ्यांसमोर स्वतःची टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. टोपीला ओल्या कुत्र्याचा वास येतोय, पण मी ती अजून काढलेली नाही, ती घालूनच लिहायला बसले आहे. तुला यातलं काही उमजणार नाही, कारण मी तुला काही सांगितलेलंच नाही. जुलैचा आणि ऑगस्टचा आपला युट्रेख्टच्या भेटीचा पहिला शनिवार मी गुडघ्याचं निमित्त सांगून बुडवला. गुडघा ठणठणीत आहे. फोनवर सांगितलं असतं तर मी अर्धा तास बडबडले असते आणि तू शेवटी ‘बरं’ म्हणाला असतास. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर दोन निळ्या टिका आल्या असत्या आणि खाली तेच ‘बरं’. म्हणून कागद घेतला. कागद वाचणाऱ्याला लगेच ‘बरं’ म्हणून मोकळं होता येत नाही.

तर ऐक. खेरित म्हणजे आमच्या प्रयोगशेतांवरचा तो उंच, जुना तंत्रज्ञ, ज्याने सत्तावीस वर्षांपूर्वी मला शिकारीच्या वाटेला लावलं. माझी रोपं हरणं कुरतडून जायची आणि मी कुंपणाशी उभी राहून मराठीत शिव्या द्यायची. ते पाहून तो म्हणाला होता की शिव्यांनी हरणं मरत नाहीत, परीक्षा दे आणि परवाना काढ. मी दिली. घरी इचलकरंजीला अजून वाटतं की मी डच सरकारची बंदूक राखायला आहे. तेव्हापासून मी फक्त इथलं छोटं हरीण मारत आले, आपल्या भेकराएवढं, तेही मोजून, नेमून दिलेलं. आता खेरितचे दोन्ही गुडघे खरोखरच गेलेत. वीस वर्षं तो दर ऑक्टोबरला स्वीडनमधल्या एका टोळीबरोबर एल्कच्या शिकारीला जायचा. मे महिन्यात त्याने मला घरी बोलावलं, कॉफी ओतली आणि टोळीतली आपली जागा मला देऊ केली. अट एकच, टोळीचा नियम आहे म्हणून: ऑगस्ट संपायच्या आत चालत्या लक्ष्यावर चारपैकी चार.

उल्हास, एल्क! हरणांच्या जातीतला सगळ्यात मोठा, घोड्याहून उंच, चारशे किलोचा, आणि इतका मोठा असूनही झाडांतून असा येतो म्हणे की फांदी मोडल्याचा आवाज नाही. नोव्हेंबरात मला सदुसष्ट पूर्ण होतील, युनिव्हर्सिटी पुष्पगुच्छ देऊन घरी पाठवेल, आणि त्याच्या महिनाभर आधी मी एल्कसमोर उभी असेन. साठी बुद्धी नाठी म्हणतात ते खरं असेल तर माझी सात वर्षं उशिरा नाठी झाली. त्या दिवशी खेरितकडून घरी येताना मी सायकलवर मोठ्याने गात होते, आणि माझा आवाज तुला माहीत आहे.

ही बातमी तुला जूनच्या शनिवारी सांगणार होते. एल्कचा फोटोसुद्धा छापून पिशवीत घेऊन आले होते. पण कॉफी यायच्या आधीच तू सांगितलंस की अजितच्या सोसायटीत एक फ्लॅट रिकामा होतोय, लायडनचं घर विकून डिसेंबरात पुण्याला कायमचं जावं असं मनात आहे, आणि पंधरा सप्टेंबरपर्यंत भावाला हो-नाही कळवायचंय. एवढं बोलून तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणाले, ‘छान.’ फोटो पिशवीतच राहिला. परतीच्या गाडीत मी तो काढून बघत बसले आणि माझं एडे स्टेशन मागे टाकून पुढे गेले, चक्क अर्नहेमला उतरले.

दुसऱ्याच आठवड्यात पहिली परीक्षा झाली, आणि त्या दिवशी जे घडलं ते अजून चार गावांत सांगितलं जातंय. जर्मन सीमेपलीकडे ते मैदान आहे. तिथे एरवी रुळांवरून लाकडी रानडुक्कर धावतं, माझ्यासाठी खेरितने प्लायवूडचं एल्क कापून, रंगवून आणलं होतं. नाक जरा उंटासारखं झालंय, पण त्याला सांगू नकोस. एल्क निघालं. मी बंदूक खांद्याला लावली, श्वास धरला आणि ते थांबायची वाट बघायला लागले. आमच्या छोट्या हरणाचं तसंच असतं. मचाणावर एकटीने बसायचं, ते येतं, चरतं, थांबतं, मग मारायचं. नाहीच थांबलं तर हलकी शीळ घालायची. ते मान वर करून क्षणभर उभं राहतं. सत्तावीस वर्षांची सवय, कुठे जाणार! एल्क अर्ध्यावर आलं तरी थांबेना, तेव्हा मी शीळ घातली. लाकडी एल्कला, उल्हास! ते आपलं खडखडत गेलं झाडामागे. दुसऱ्या फेरीला पुन्हा तेच, पुन्हा शीळ. तिसऱ्यांदा गोळी सुटली, पण बैल गेला नि झोपा केला अशी, एल्क गेल्यावर मागच्या मातीत. जर्मन मंडळी पोट धरून हसत होती. खेरित हसला नाही. एवढंच म्हणाला की कुमुद, तू चांगली नेमबाज आहेस, पण सगळ्या जगाने तुझ्यासाठी थांबावं अशी तुझी अपेक्षा असते. हे वाक्य मला झोंबलं. त्याच्या गाडीतून परत येताना मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिले.

मग मी पेटले. संध्याकाळी गॅलरीत उभी राहून लाटणं खांद्याला लावायचे आणि खालच्या रस्त्यावरच्या सायकलींमागे फिरवायचे. सायकलीबरोबर हात चालू ठेवायचा, मनात ‘ठो’ म्हणायचं आणि म्हणून झाल्यावरही हात थांबवायचा नाही, ही सगळी युक्ती. शेजारच्या बाईंनी दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी सूप घेऊन विचारपूस करायला आल्या. मी त्यांना पोळ्या लाटायचा व्यायाम असतो म्हणून सांगितलं. जुलैत चारपैकी एक लागली. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी तीन लागल्या, चौथी हुकली, कारण शेवटच्या क्षणी मी पुन्हा थबकले. आणि आज चार! आज मी वाट पाहिलीच नाही. ते निघालं तशी मीही निघाले, बस्स.

तुला एकदा मी मचाणावर नेलं होतं ते आठवतंय? मे महिना होता. तू जन्माचा शाकाहारी, तरी पहाटे लायडनहून आलास, शिडी चढलास, तासभर देवळात बसावं तसा बसलास आणि ऐन वेळी खिशातून चकली काढून कडाड्कन चावलीस. नर तीन उड्यांत पसार. मला राग यायला हवा होता, पण मी तोंडावर हात दाबून इतकी हसले की मचाण हलायला लागलं. दुसरा नर नंतर आला. मी तो मारला, खाली उतरले आणि रिवाजाप्रमाणे एक कोवळी डहाळी तोडून त्याच्या तोंडात ठेवली, त्याचा शेवटचा घास म्हणून. इथले जुने शिकारी ठेवतात. मला वाटलं होतं तू लांबच उभा राहशील. तू जवळ आलास, चपला काढल्यास आणि हात जोडलेस. त्या वेळेपासून तू मला आवडतोस, हे आता सांगून टाकते. आठ वर्षं होऊन गेली.

आणि त्याच वर्षीच्या पावसाळी ऑक्टोबरात, युट्रेख्ट स्टेशनच्या खाली, माझ्या सायकलच्या कुलपात किल्ली अडकली असताना तू विचारलं होतंस की आपण एका गावात, एका घरात राहायचं का. संसार अर्ध्यावर टाकून शामला वारली त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. मी कुलपाशी झटापट करत म्हणाले की रिटायर झाल्यावर बघू. तू ‘बरं’ म्हणालास. मला वाटलं, पुन्हा विचारशील. प्रत्येक पहिल्या शनिवारी वाटायचं. तू पेपरातल्या बातम्या सांगायचास, लेकीच्या कौतुकाने हिमानीच्या नव्या नोकरीचं सांगायचास, माझ्या बशीतला केक अर्धा संपवायचास, आणि मी शीळ घालत बसायचे: नोव्हेंबर जवळ आला हं, घर मोठं वाटतं हं, एकटीला दोन खोल्या पुरतात हं. तू मान वर करून पाहायचास आणि पुन्हा केककडे वळायचास. विचारायची पाळी माझी आहे हे माझ्या डोक्यात येऊ नये? पीएचडी आहे मला!

आता हे पत्र का लिहिलं ते. निकाल कळताच टोळीच्या प्रमुख बाईंनी स्वीडनहून फोन केला. नाव बिर्गिट, आवाज हवालदाराचा. मी जूनमध्ये भरून पाठवलेला त्यांचा फॉर्म अपुरा आहे म्हणाल्या. काही झालं तर कुणाला कळवायचं, या ओळीत मी नाव लिहिलंय, लायडनचा फोन नंबर लिहिलाय, पण त्यापुढचा ‘नातं’ हा रकाना कोराच आहे. तो भरल्याशिवाय त्या कुणाला जंगलात सोडत नाहीत. नाव तुझं आहे. तू पुण्याचं सांगितलंस त्याच संध्याकाळी, अर्नहेमहून परत आल्यावर, मी ते तुला न विचारता लिहिलं होतं. मी त्यांना सांगितलं की मला पंधरा दिवस द्या, त्या गृहस्थांना विचारून सांगते. तर विचारते आहे, उल्हास. पुण्याला जाऊ नकोस. किंवा जायचंच असेल तर दोघं जाऊ, मला पुणंही चालेल, तिथे हरणं नसली तरी तू असशील. सहा सप्टेंबरला नेहमीच्या जागी येते, सायकलला कुलूप न लावता उभी राहीन. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी शिकार सुरू होते, आणि प्रत्येक शिकाऱ्याला त्याच्या नेमलेल्या जागी सोबतीला एक माणूस चालतो, मी बिर्गिटबाईंना विचारून ठेवलंय. बंदूक धरावी लागत नाही, नुसतं शेजारी बसायचं असतं. येताना चकल्या आणू नकोस. बेसनाचे लाडू आण, त्यांचा आवाज होत नाही. आणि त्या रकान्यात काय लिहायचं ते सांग. ‘बरं’ सोडून काहीही चालेल.

तुझीच (हे आठ वर्षांत पहिल्यांदा लिहिलं, आणि खोडणार नाही),
कुमुदिनी