बाबांची गाठ आणि माझा तक्ता

सोमवार, ४ मार्च
बाबांच्या मानेत गाठ. बायोप्सी झाली, रिपोर्ट पंधराला. डॉक्टरबाई म्हणाल्या, लिम्फोमा असू शकतो, पण आत्ताच काही ठरवू नका. त्यांचं ठीक आहे. मी परचेसमध्ये बावीस वर्षं काढलीत. माल यायच्या आधी तक्ता तयार लागतो.
संकल्प दोन. बाबांच्या कानावर 'लिम्फोमा' शब्द पडू द्यायचा नाही. आणि शांत राहायचं.

मंगळवार, ५ मार्च
उपचारांचा तुलनात्मक तक्ता सुरू. केमो, रेडिएशन, इम्युनोथेरपी, बोन मॅरो. एकोणीस मुद्दे. नियमाने तीन कोटेशन्स लागतात, माझ्याकडे चार. बरं वाटलं.
बायको म्हणाली, लिम्फोमाचे ढीगभर प्रकार असतात, हा कुठला? असलाच तर. म्हटलं, तपशील नंतर भरता येतो.

गुरुवार, ७ मार्च
बाबांनी (वय ७६, निवृत्त शिंपी) विचारलं, एवढं काय छापतोयस? म्हटलं, ऑफिसचं टेंडर. बाबा म्हणाले, मग त्यावर माझं नाव कसं? म्हटलं, तुमच्याच नावाचा एक सप्लायर आहे.
पटलं त्यांना.

शुक्रवार, ८ मार्च
पाचवं कोटेशन सापडलं. काही प्रकारांत म्हणे उपचार सुरूच करत नाहीत, नुसतं लक्ष ठेवतात. वा रे वा! सप्लायर काही देणार नाही आणि ऑर्डर मात्र त्यालाच? लाल पेनाने शेरा मारला: अपात्र.

रविवार, १० मार्च
शांत राहण्यासाठी दीर्घ श्वसन केलं. चक्कर आली. बाबांनी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. माझी तब्येत ठणठणीत आहे, श्वास जरा जास्तच दीर्घ झाला असणार.
बाबा आरशासमोर टेप घेऊन उभे असतात, वहीत काहीतरी टिपतात. शिंप्याला मापं घेतल्याशिवाय करमत नाही. म्हटलं, रमू देत.

मंगळवार, १२ मार्च
ताईचा फोन. बाबा जेवतात का, झोप लागते का, वगैरे. बायकांचं हे असंच, वरवरचं. तिला तक्ता मेल केला. उत्तर नाही. भारावली असावी.

गुरुवार, १४ मार्च
तक्ता बाइंड करून आणला. चौसष्ट पानं, तीन प्रती. उद्या निळा शर्ट घालणार. एवढी तयारी बघून डॉक्टरबाई जरा ओशाळतील. सांभाळून घेईन.

शुक्रवार, १५ मार्च, दुपारी
घडलं तसं लिहितो.
डॉक्टरबाईंनी आधी विचारलं, वजन किती उतरलं? ताप, घाम, धाप? मी पानं चाळत राहिलो. एकोणीस मुद्द्यांत बाबांबद्दल एकही नव्हता.
बाबांनी खिशातून वही काढली. एक फेब्रुवारीपासून तारीखवार गाठीचं माप, कंबरेचं माप, ताप नाही, घाम नाही. पहिल्या पानावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात: लिम्फोमा? बाईंनी वहीचे फोटो काढून घेतले. माझी प्रत त्यांनी पेपरवेटखाली ठेवली.
रिपोर्ट आला आहे. लिम्फोमाच आहे, पण हळू वाढणारा. तूर्त औषध नाही, केमो नाही. दर तीन महिन्यांनी तपासणी आणि मधल्या काळात लक्ष ठेवायचं. म्हणजे अपात्र कोटेशन.
मी म्हणालो, काहीतरी करायलाच हवं ना. आवाज फाटला आणि चक्क रडलो, डॉक्टरबाईंसमोर. संकल्प दोन गेला. एक कधी नव्हताच.
बाबा म्हणाले, "गाठ माझी आहे, मी बघतो तिच्याकडे. तू नुसता जवळ बसत जा. तेवढंच तुला कधी जमलं नाही."

तोच दिवस, संध्याकाळी
बाबा आंघोळीला गेले तेव्हा वही उघडली. शेवटच्या पानांवर माझं नाव. '१० मार्च. चक्कर. जेवण अर्धं. कंबर नजरेने दीड इंच कमी. घाबरलाय, विचारू नये.'
हो, घाबरलोय. बाबा जातील याची भीती वाटते. कुठल्याच कॉलममध्ये बसेना म्हणून इथे लिहून ठेवतो.
नवा संकल्प: रोज अर्धा तास बाबांजवळ बसायचं. आज सात मिनिटं बसलो. आठव्या मिनिटाला बसण्याचं वेळापत्रक आखायला उठत होतो, तेवढ्यात बाबांनी टेपचं एक टोक हातात दिलं. म्हणाले, धर, हलू नकोस. धरलं. गाठ कालएवढीच आहे.
मग त्यांनी टेप माझ्या कमरेला लावला. निळा शर्ट काढून ठेवायला सांगितलाय, उद्या कमरेत आत घेणार आहेत.