बॅटरी उतरू नये म्हणून

३ ऑगस्ट, रविवार
शीला आणि सोनू पुण्याला परत गेल्या. लेकीला आणि नातीला दिग्रसच्या स्टँडवर सोडून घरी आले, गादी उचलली, तर उशीखाली सोनूचा गेम. वाढदिवसाला बापाने घेऊन दिलेला, महिनाही झाला नाही. हातात धरून खेळायचा, टीव्ही लागत नाही. सोनू त्याला कन्सोल म्हणते.
एवढी महागाची वस्तू कोणी विसरत नाही. परत यायचं म्हणूनच ठेवून गेली. मला लगेच कळलं.

४ ऑगस्ट
शीलाचा फोन. म्हणाली, आई, कुरिअरने पाठवून दे. म्हटलं, पावसाचे दिवस, पार्सल भिजते. माझं आजवर एकही पार्सल भिजलेलं नाही, पण आलेलंही नाही. मग म्हणाली, बरं, पोळ्याला जमतं का पाहू.
पाहू म्हणजे येणार. शीला लहानपणापासून तसंच बोलते.
सोनू मागून ओरडली, आजी, बॅटरी उतरू देऊ नको.
ठरवलं: लेकराची वस्तू आहे, हात लावायचा नाही. फक्त चार्जिंग.

६ ऑगस्ट
चार्जिंग झालं की नाही, ते चालू केल्याशिवाय कळत नाही. चालू केला.
आत सोनूचं शेत आहे. एक माणूस, एक बैल, एक विहीर. दोन वाफे वाळायला आले होते. पाणी दिलं. याला खेळणं म्हणत नाहीत.

९ ऑगस्ट
गेमच्या पाकिटात माहितीचं पुस्तक सापडलं. मी चौथीपर्यंत शिकले, पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांवर. पुस्तकाला घाबरत नाही. पण यात चौदा भाषा आहेत आणि मराठी नाही. म्हणून गुणदोष मीच लिहून ठेवते, सोनूला उपयोगी पडतील.
गुण: वजनाला हलका. चष्म्याशिवाय दिसतो. चालू केला की 'वेलकम बॅक' येतं. अक्षरं लावून लावून वाचलं. ते सोनूसाठी आहे, मला माहीत आहे.
दोष: अडीच तासांत बॅटरी खलास. पाठ तव्यासारखी तापते. बटणं बारीक. डावीकडची दांडी बिघडलेली, सोडून दिली तरी माणूस आपोआप डावीकडे चालत राहतो.
आमचे हेसुद्धा चालताना डावीकडे सरकायचे. सगळा रस्ता मोकळा, आणि मी कडेच्या काट्यांत. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.
दांडीचा दोष खोडला. गुणांत लिहिला.

१३ ऑगस्ट
शेजारची कांताबाई साखर मागायला आली. म्हणाली, बेबीताई, काय करून राह्यली वं? म्हटलं, बॅटरी पाहून राह्यली. म्हणाली, सकाळी आलती तवाही बॅटरीच पाहून राह्यलती. मग तिला शेत दाखवलं, बैल दाखवला. म्हणाली, घरचं वावर मक्त्यानं दुसऱ्याले देल्लं, बैल इकले, अन् आता डबीत वखर हाकून राह्यली.
साखर अर्धी वाटीच दिली.
उद्यापासून सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं. जास्त नाही.

१६ ऑगस्ट
पडद्यावर इंग्रजी पाटी येऊ लागली. दिग्रसला उत्तमसिंगच्या मोबाइल दुकानात नेला. म्हणाला, मावशी, हा नेट मागून राह्यला. त्याने तो माझ्या मोबाइलला जोडून दिला. म्हणे, आता तुमचं शेत नेटवर जपून राह्यते. दांडी बदलून देऊ का, विचारलं. नको म्हटलं.
पाच मिनिटांचं जमलं नाही. पीक काढणीला आलं आहे, मधेच कसं सोडणार?

२१ ऑगस्ट
उद्या पोळा. आज बैलांच्या खांद्याला तूप-हळद लावायची आणि आवतण द्यायचं. बैल विकल्यापासून हळदीची वाटी काढली नव्हती. आज काढली. काचेवरच बोटाने गेममधल्या बैलाचा खांदा चोळला. म्हटलं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.
मग शीलाला फोन करून तेच सांगितलं. म्हणाली, सोनूची टेस्ट आहे गं, पाहू.
म्हणजे टेस्ट झाली की निघणार.
नवा दोष: काचेवरचा हळदीचा डाग फडक्याने जात नाही.

२२ ऑगस्ट, पोळा
सकाळपासून गेम एकच म्हणतो आहे, आज सगळं शेत नांगरा, मोठं बक्षीस आहे. पोळ्याला बैल जुंपायचा? या गेमवाल्यांना घरी सांगणारं कोणी नाही. मी बैल जागेवरून हलवला नाही.

संध्याकाळी
पुरणाच्या पोळ्या सोळा केल्या. आवतण दोन ठिकाणी दिलं होतं. बैल तरी जागेवर होता.
उद्या पोरांचा तान्हा पोळा. सोनूचा लाकडी बैल पुसला, चाकांना तेल घातलं. पुण्याची गाडी सकाळीच येते.

२३ ऑगस्ट, तान्हा पोळा
गाडी आली. कांताबाईचा भाचा उतरला.
अकराला शीलाचा फोन. सोनूच्या बापाने नवा कन्सोल घेतला, मोठ्या पडद्याचा. जुना राहू दे तुझ्याकडेच, आई, त्याच्यासाठी आता धावपळ नको.
मग सोनूने फोन घेतला. म्हणाली, आजी, माझं शेत नेटवरून नव्यातपण आलं. तू रोज पाणी घातलंस ना, मला दिसलं. पण काल बैल नुसता उभा का ठेवलास? बक्षीस गेलं.
म्हटलं, काल पोळा होता.
म्हणाली, गेममध्येपण? मग म्हणाली, जाऊ दे, मी आता ट्रॅक्टर घेतला, बैल विकून टाकला.
शीलाला विचारलं, दिवाळीला? म्हणाली, पाहू.
पाहू म्हणजे पाहू.
दुपारी चालू केला. वेलकम बॅक. गोठा रिकामा, ट्रॅक्टर उभा. मी कशाला हात लावला नाही. माणूस आपला डावीकडे चालत गेला, कुंपणाला लागला, तरी चालतच होता.
बॅटरी उतरेपर्यंत चालू दिला.