लंडन ते मुंबई, आणि पुढची रेल्वे

कांचन,

शाळेतून आलीस की आधी जेव. पोळीभाजी मिश्राचाचींकडे ठेवली आहे. रात्री मी आलो नाही तर झोपायलाही त्यांच्याकडेच जा. मी कारखान्याच्या बसने आईकडे दवाखान्यात चाललो आहे.

बाबाची विलायतेहून निघाल्याची तार आल्यावर तू आईला सांगितलंस, की तो आज दुपारी पोचणार. साडेचार हजार मैल भागिले ताशी तीनशे, पंधरा तास. तुझा भागाकार बरोबर आहे, पाटीवरून पुसू नकोस. गणित घालताना मीच अर्धं सांगितलं. विमान तेल भरायला वाटेत तीन ठिकाणी उतरतं, आणि ते भोपाळला नाही, मुंबईला येतं. तिथून पुढे रेल्वेची एक अख्खी रात्र. बाबा उद्या दुपारच्या आत येऊ शकत नाही.

आई मात्र म्हणते, "कांचनचा हिशेब चुकत नाही. हे येऊ देत, मगच ऑपरेशन करा." डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, आजच व्हायला हवं, तिच्यासाठीही आणि बाळासाठीही. म्हणून तिची समजूत घालायला निघालो आहे. तुझं काही चुकलेलं नाही, हे तिलाही सांगेन.

तुला चैन पडलं नाही, तर वाटेतले मुक्काम धरून गणित पुन्हा कर. मुक्काम किती वेळाचा ते मला ठाऊक नाही, तू तासाचा धर.

उद्या बाबा आला की चहाला थांबवू नकोस. सामान ओट्यावर ठेवू दे, आणि दारातूनच त्याला दवाखान्यात पाठव.

आजोबा