कडेचा टाका

प्रिय वहिनी,

पत्र बघून तू आधी घाबरशील, म्हणून सांगून टाकते की माझी तब्येत, नोकरी आणि घरमालकीण, सगळं ठीक आहे. फोन केला असता, पण आपल्याकडे फोन कुणासाठीही आलेला असो, तो जेवणाच्या टेबलावर ठेवून सगळे मिळून ऐकतात. मला जे सांगायचं आहे ते आईच्या कानावर जाण्याआधी तुझ्या कानावर जायला हवं. हे पत्र मी दोनदा फाडलं आहे. आता फाडणार नाही, कारण कागद संपत आले.

आईने पाठवलेला राखाडी स्वेटर मिळाला. दोन सुलट, दोन उलट, गोल गळा. मागाहून तिचा फोन आला तेव्हा म्हणाली, “हा मी लिहिलाय बरं का.” विणलाय नाही, लिहिलाय. जिने जन्मभर संगणकाच्या खोलीत फक्त केर काढायला पाऊल टाकलं, ती ही बाई. मी म्हटलं, छान झालाय. मग तिने उरलेला सगळा वेळ तुझं कौतुक केलं. सूनबाईने असं केलं, सूनबाईने तसं केलं, आता मी मशीनला सरळ सांगते आणि मशीन ऐकतं. मी हो हो म्हणत राहिले आणि हातातली बशी पुसत राहिले. बशी केव्हाच कोरडी झाली होती.

मला तुझा हेवा वाटतो, वहिनी. हे वाक्य लिहून मी जरा वेळ खिडकीत जाऊन उभी राहिले. खोडावंसं वाटलं, पण खरं आहे ते खोडायचं कसं?

तुला माहीत आहे, मी शाळेत गेले ती बऱ्याच उशिरा. त्याआधीची माझी शाळा म्हणजे मागच्या खोलीतल्या सुताच्या रिळांमधली जागा. आईच्या सुईवरचे टाके मोजत मी आकडे शिकले. टाके कमी करताना वजाबाकी शिकले. ती विणताना पुटपुटायची, “दोन सुलट, दोन उलट, काखेपर्यंत असंच, मग दोन्हीकडून एकेक कमी,” आणि मी ते गाण्यासारखं पाठ म्हणायचे. दादा तेव्हा बाहेर चेंडू खेळत असायचा. त्या खोलीतली आई माझी एकटीची होती, असं मी धरून चालले होते.

पुढे शिकून आले आणि बाबांच्या विणकामाच्या तिन्ही मशीनना संगणक जोडला तो मीच. नमुने कसे लिहायचे हा प्रश्न आला, तेव्हा मी अगदी रीतसर मार्ग धरला. सगळं जग माहिती ज्या साच्यात लिहितं, त्याच साच्यात प्रत्येक टाका लिहिला. त्याची ओळ, त्याचा क्रमांक, त्याचा प्रकार, कंसात कंस, अवतरणचिन्हं, स्वल्पविराम. एका स्वेटरची फाइल वाचायला बसलं तर चहा गार व्हायचा. आई म्हणायची, ही मुंग्यांची रांग तुलाच कळो. एकदा एक स्वल्पविराम राहिला तर तिन्ही मशीन सकाळभर बंद पडली. तेव्हापासून मी प्रत्येक फाइल छापून, पट्टी धरून ओळीओळीने तपासायचे. बाबा मला तपासनीस म्हणायला लागले ते तेव्हापासून. नवी भाषा काढावी असं माझ्या मनातही आलं नाही. आपण कोण भाषा काढणारे, असं वाटायचं. जगाने मान्य केलेलं वापरावं, म्हणजे चुकलं तरी आपण एकटे चुकत नाही.

मग तू आलीस. दुकानांच्या हिशेबाचे प्रोग्रॅम लिहिणारी, सुई कुठल्या टोकाने धरायची तेही माहीत नसलेली. मला वाटलं, चार दिवस कौतुकाने बघेल आणि जाईल आपल्या कामाला. तू मात्र आईशेजारी पाट ओढून बसलीस ती बसलीसच. ती काहीही म्हणाली की तू विचारायचीस, म्हणजे काय? काखेपर्यंत म्हणजे काय? गळ्याला गोलाई देते म्हणजे नक्की काय करते? मी सुट्टीला आले होते तेव्हा दारातून पाहिलं. आईचा चेहरा असा उजळलेला मी क्वचित पाहिला होता. तिला आजवर कुणी ‘म्हणजे काय’ विचारलंच नव्हतं. मी तरी का विचारू? मला सगळं येत होतं.

आईच्या बोलण्यातूनच तू मशीनसाठी नवी भाषा बांधते आहेस हे कळलं आणि त्या सुट्टीत आपलं भांडण झालं, आठवतं? मी म्हणाले, सगळ्या जगाला वाचता येणारं सोडून तू घरापुरतं खेळणं करते आहेस. तू शांतपणे म्हणालीस, “जगाला येतं गं वाचता. आईंना येत नाही.” मी चिडून भांडी घासायला गेले.

आणि मग तू मला ते करून दाखवलंस. पाच-सहा ओळींत अख्खा स्वेटर. पाठ, दोन सुलट दोन उलट, काखेपर्यंत. पुढचा भाग पाठीसारखाच, गळा गोल. बाही. बस. बाही एकदा म्हटली की दोन होतात, एक दुसरीच्या उलट. माझ्या साच्यात मी एकदा घाईत तिसरी बाही चिकटवली होती, आणि कंस-स्वल्पविराम बरोबर असल्यामुळे संगणकाने ती आनंदाने मान्य केली. बाबांनी तो स्वेटर शेजाऱ्यांना दाखवून महिनाभर हसवलं. तुझ्या भाषेत तिसरी बाही लिहायची सोयच नाही. ते पाहिल्यावर मला कळलं की तू जिंकलीस. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, पण मी तर पिकलेलं ओळखलंही नव्हतं. ते शब्द माझ्या लहानपणाचे होते. ते मशीनला सांगण्याच्या लायकीचे आहेत हे बाहेरून आलेल्या तुला दिसलं, आणि आता आई त्यांना ‘आमच्या सुनेची भाषा’ म्हणते. एवढंच मला गिळवत नाही.

आता मुद्द्याचं. बाबांनी परवा अंगणात जाऊन, आवाज बारीक करून मला फोन केला. त्यांच्यावर रागावू नकोस. शाळेने गणवेशासाठी मागवलेल्या स्वेटरांचा नमुना परत आला, बगलेत ओढतो आणि बाजूची नक्षी जुळत नाही म्हणून, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. तू दिवसरात्र प्रोग्रॅम तपासते आहेस आणि काही सापडत नाही, आई स्वतःला बोल लावते आहे की माझंच लिहिताना चुकलं असेल, हेही कळलं. शेवटी ते म्हणाले, “तुझ्या त्या मुंग्या अजून आहेत का गं? त्याच परत लावू का?”

आहेत ना. एकूण एक फाइल आहे. वहिनी, त्या क्षणी मला जे वाटलं त्याला आनंद म्हणतात. सुंठीवाचून खोकला जाणार होता. मी नुसतं हो म्हणायचं होतं. उद्या सांगते म्हणाले आणि फोन ठेवला. मग आईने पाठवलेला स्वेटर उजेडात धरला आणि बगलेखालची शिवण कात्रीने उसवली.

तुझ्या प्रोग्रॅममध्ये चूक नाही, म्हणून ती तुला सापडत नाही. आईच्याही लिहिण्यात नाही. हाताने विणताना आई प्रत्येक तुकड्याला दोन्ही कडांना एकेक टाका जास्त घेते. तो शिवणीत जातो, बाहेरून दिसत नाही. ती हे कधी बोलत नाही, कारण तिच्या लेखी ती बोलायची गोष्टच नाही. श्वास घे असं कुणी सांगतं का? ती जे बोलली ते सगळं तू विचारून घेतलंस. हे ती बोललीच नाही, मग तू विचारणार कसं? त्यामुळे शिवणीने नक्षीतलेच टाके खाल्ले, दोनांच्या जागी एकेक उरला, आणि स्वेटर बगलेत ओढायला लागला. माझ्या लांबलचक फाइलींत तो टाका आहे, कारण तिथे एकेक टाका मांडल्यावाचून सुटकाच नव्हती, आणि तो घ्यायचा असतो हे मला तिच्या मांडीजवळ बसून माहीत होतं.

म्हणून हे पत्र. बाबांना मी काल सांगितलं आहे की जुनं काही लावू नका, सूनबाईला माझं पत्र मिळेपर्यंत शाळेचे तुकडे विणायचे थांबवा. तू एवढंच कर. शिवायच्या प्रत्येक तुकड्याला भाषेने आपणहून कडेचा टाका धरावा. आईला तो लिहायला लावू नकोस, ती विसरेल आणि पुन्हा स्वतःलाच बोल लावेल. मफलरसारखं न शिवायचं काही असेल तर ‘शिवण नाही’ असं म्हणायची सोय ठेव. मी चार-पाच नमुन्यांवर कागदावर करून पाहिलं, बसतं. तरी तू तपास. आणि एक मागणं आहे. दादा तुला सुचवेल की हे तूच शोधलंस म्हणून सांग, उगाच लांबण कशाला. तसं करू नकोस. सगळे जेवायला बसलेले असताना, आईला ऐकू जाईल अशा आवाजात, हे मी सांगितलं म्हणून सांग. माझा हेवा गेलेला नाही, आणि मला हे हवं आहे. त्यावर ती काय म्हणाली ते मला जसंच्या तसं कळव. थोडंच म्हणाली असेल तर थोडंच लिही.

तुझीच नणंद,
तपासनीस