अब्बांचं नाव

अब्बा,

काल, आठव्या दिवशी, तुमच्या नातवाची सुंता झाली; आपल्या ज्यू रीतीप्रमाणे तेव्हाच नावही ठेवलं. आठ दिवस मी नावावरून नुसता घोळ घालत होते.

तुमची बहीण, ब्लूमा आत्या, म्हणाली, "आपल्यात गेलेल्या माणसाचंच नाव ठेवतात. बापाला जिवंतपणी मारायला निघालीस की काय?"

सासूबाई मोरोक्कोच्या. त्या म्हणाल्या, "आमच्यात हयात आजोबांचंच ठेवतात, आयुष्य वाढतं त्यांचं."

सहा वर्षांपूर्वी तुम्ही भांडून गेलात. तेव्हा मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. तुम्ही आहात की नाही हेच ठाऊक नाही, मग मी कुणाची रीत धरू?

लहानपणी तुम्हीच सांगायचात, तुमचं नाव म्हणजे आपल्या जुन्या मंदिरातल्या एका महायाजकाचं नाव, अर्थ 'देव परत आणील'. शेवटी तेच सांगितलं, एल्याशीव.

रब्बींनी ते मोठ्यानं म्हटलं. आत्या मला धरून रडली, "गेला गं माझा भाऊ." सासूबाईंनी तोंडात मिठाई घातली, "शंभरी गाठतील बघ तुझे वडील."

मी दोघींनाही "हो" म्हणत राहिले.

पाकिटावर तुमचं नाव घातलंय. त्याखाली पत्ता काय लिहू, कळत नाही.

तुमची,
त्सिव्या